मालकाचं दिवाळं निघालं तरी कंपनी सेफ? कोणी सांगितलं?

जुना_अकाउंटंट: सकाळी एकाने छातीठोकपणे लिहिलंय की प्रायव्हेट लिमिटेड काढली की स्वतः दिवाळखोर झालात तरी कंपनीला धक्का लागत नाही. अहो, मशीन, माल, बँकेतली शिल्लक कंपनीची हे मान्य, तुमचे खाजगी घेणेकरी त्याला हात लावू शकत नाहीत. पण शेअर्स तुमचे ना? दिवाळखोरीचा आदेश झाला की ते ट्रस्टीकडे (दिवाळखोराची मालमत्ता ताब्यात घेऊन घेणेकऱ्यांना वाटणारा) जातात आणि कंपनी कायद्याच्या कलम १६४ आणि १६७ मुळे डायरेक्टरपदही सुटतं. मग चालवणार कोण?

लघुउद्योजक: मीच लिहिलं होतं ते. कंपनी चालूच राहते, कामगार राहतात, ऑर्डरी राहतात, दुसरा डायरेक्टर नेमायचा. उगाच घाबरवू नका लोकांना.

माल_पुरवणारा: दुसरा डायरेक्टर म्हणजे बायको, आणि तिचीही सही बँकेच्या कर्जाच्या गॅरंटीवर असते, म्हणजे कंपनीने नाही फेडलं तर स्वतः फेडायची हमी! खरा घोळ तिथे आहे. मी एका कंपनीला वर्षानुवर्षं उधारीवर माल दिला, बँकेकडे मशीनही गहाण आणि मालकाची पर्सनल गॅरंटीही, माझ्याकडे फक्त बिलं. बँकेने दोन्हीकडून वसूल केलं, मला काय मिळालं? काहीच नाही.

लघुउद्योजक: मग उधारी देताना गॅरंटी का नाही मागितली?

माल_पुरवणारा: मागून बघा! दुसऱ्या दिवशी ऑर्डर दुसऱ्याला जाते. ऑफिसात बसून शहाणपण शिकवू नका.

कोर्टात_जाणारी: भांडण थांबवा आधी. १ डिसेंबर २०१९ पासून कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांवर आयबीसी म्हणजे दिवाळखोरी कायद्याखाली थेट कारवाई होते. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ललित कुमार जैन केसमध्ये स्पष्ट सांगितलं की कंपनीचा रिझोल्यूशन प्लॅन (बुडीत कंपनी सावरण्याची योजना) मंजूर झाला म्हणून जामीनदार आपोआप सुटत नाही. म्हणजे ‘मी वेगळा, कंपनी वेगळी’ हे गॅरंटीवर सही करेपर्यंतच खरं.

लघुउद्योजक: गॅरंटीचं ठीक आहे, तेवढं मानतो. पण सहीशिवाय लहान कंपनीला कर्ज देतं कोण? त्यावर बोला की.

जुना_अकाउंटंट: त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो. इथे माल देणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्या, मालक दिवाळखोर झाला म्हणून तुमचं बिल बुडत नाही, ते कंपनीवरच आहे. ट्रस्टीच्या हाती फक्त शेअर्स, आणि शेअरहोल्डरचा नंबर कंपनीची सगळी देणी फिटल्यावर. त्यामुळे वाट बघत बसू नका, कंपनीला लगेच नोटीस पाठवा.

माल_पुरवणारा: हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर. बरं, शेअर्स घेणारा नाहीच मिळाला तर पुढे काय होतं?