डिझायनर जीन्सला नऊ हजार घालावेत का? (मुंबई)

माहीमची_मावशी
लेक कॉलेजात आहे. लोअर परळच्या मॉलमध्ये तिने एका डिझायनर ब्रँडची जीन्स हेरून ठेवलीय, किंमत नऊ हजारांच्या वर. दुकानाबाहेर हे भलंमोठं पोस्टर, मॉडेलच्या अंगावर जीन्स सोडून चिंधी नाही. त्यावरून घरात वाजलं ते वेगळंच. पण एवढे पैसे नेमके कशाचे? आणि चांगली जीन्स कशी ओळखायची?

ताणाबाणा
ताई, बरेचसे त्या पोस्टरचेच! कापडाच्या धंद्यात आयुष्य गेलंय, म्हणून सांगतो. डेनिम म्हणजे जाड सुती ट्विल, तिरक्या विणीचं कापड. ताणा (उभे धागे) निळीत रंगवलेला, बाणा (आडवे) पांढरा. १८७३ मध्ये लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांनी खिशांना तांब्याच्या रिव्हेट (बटणासारखे छोटे खिळे) मारायचं पेटंट घेतलं, ते कामगारांच्या पँटसाठी. तीच पँट १९७० च्या दशकात मोठ्या नावांनी विकायला काढली. ग्लोरिया व्हँडरबिल्ट हे न्यूयॉर्कच्या गर्भश्रीमंत घराण्यातलं नाव मागच्या खिशावर आलं, त्यामागे मुरजानी हे आपल्याकडचेच सिंधी कुटुंब होतं.

मग १९८० मध्ये कॅल्विन क्लाइन कंपनीने १५ वर्षांच्या ब्रुक शील्ड्स या नटीकडून जाहिरातीत म्हणवून घेतलं की माझ्या आणि या जीन्सच्या मध्ये काहीच नाही. काही टीव्ही केंद्रांनी जाहिरात दाखवायला नकार दिला, आणि जीन्सचा खप जोरात. १९९५ मध्ये त्याच कंपनीला जाहिराती मागे घ्याव्या लागल्या, वर अमेरिकेच्या एफबीआयची चौकशी लागली. बोंबाबोंब झाली की पेपरवाले फुकटात प्रसिद्धी देतात, हे गणित पक्कं. पण १५ वर्षांची मुलगी वापरणं मला तेव्हाही किळसवाणं वाटलं होतं.

अजगरप्रेमी
आपल्याकडे १९९५ ची टफ शूजची जाहिरात विसरलात? मिलिंद सोमण, मधु सप्रे, अंगावर फक्त बूट आणि अजगर. मुंबईत खटला झाला, २००९ मध्ये सुटका. बूट कसे होते कुणाला आठवतंय का? :)

हिलरोडची_राणी
सगळंच पोस्टरचं नाही हो. माझी कंबर बारीक, मांड्या भरलेल्या. रस्त्यावरच्या जीन्स कमरेत मागे उघड्या पडतात. महागडी एकच आहे, पण ती बसते. फिटिंगला पैसे द्यावे लागतात, हे मान्य करा.

ताणाबाणा
मान्य. मग लेबल झाकून असं बघा: आतली शिवण उलटून दोरे लोंबतायत का; ओला पांढरा रुमाल घासून निळं किती उतरतं (थोडं उतरणारच). इलॅस्टेन (ताणणारा धागा) असलेली जीन्स वापरून ढिली पडली तर गुडघ्यावर फुगे येण्याची भीती. १४ औंसाचं (म्हणजे चौरस यार्डाला तेवढं वजन) जाड डेनिम मुंबईच्या पावसात वाळता वाळत नाही, १० च्या आसपासचं बरं. फॅशन स्ट्रीटवर घासाघीस करा. उल्हासनगर तर जीन्स शिवणाऱ्यांचंच गाव, माल तिथूनही बघता येईल.

पोस्टर फारच खटकलं असेल तर ॲस्कीकडे (जाहिरातींवर लक्ष ठेवणारी संस्था) ऑनलाइन तक्रार करता येते.

माहीमची_मावशी
लेकीला वाचून दाखवलं. म्हणते, पोस्टर गेलं खड्ड्यात, मला मागचे खिसे आवडलेत. सेलपर्यंत थांबायला तयार आहे.

हिलरोडची_राणी
शहाणी पोर! सेलमध्ये लांबी जास्त निघाली तर कुठल्याही शिंप्याकडे टाकू नका. खालची मूळ किनार कापून परत जोडून देणारा शोधा, वांद्र्याला मिळतात. नाहीतर पाय शाळेच्या गणवेशासारखे दिसतात.