निवड चाचणीत साधे खेळावे की उठून दिसावे?

मधली फळी: फुटबॉलच्या निवड चाचणीला निघालेल्या मुलामुलींना 'काहीतरी वेगळे करून दाखव' असा सल्ला सर्रास दिला जातो आणि माझ्या मते सर्वाधिक नुकसान त्याच सल्ल्याने होते. ९० मिनिटांच्या पूर्ण सामन्यातही एका खेळाडूच्या पायाशी चेंडू जेमतेम दोन-तीन मिनिटे असतो, मग चाचणीतील छोट्या खेळात तो किती असणार? उरलेल्या वेळात निवडकर्ते तुमचे चेंडूविना वागणेच पाहत असतात. मधल्या फळीतील चांगला खेळाडू पास येण्यापूर्वी खांद्यावरून मागे दोनदा पाहून घेतो, शरीर अर्धे वळवून चेंडू दूरच्या पायावर घेतो आणि दुसऱ्याच स्पर्शात तो पुढे सरकवतो. यात टाळ्या घेण्यासारखे काही नसते, पण जाणकाराच्या नजरेतून ते सुटत नाही. म्हणून साधे आणि अचूक खेळावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

डावा विंगर: आपले वर्णन मुरलेल्या संघाला लागू पडते, चाचणीतला संघ मात्र तासाभरापूर्वी एकमेकांना भेटलेल्या अनोळखी खेळाडूंचा असतो. तिथे प्रत्येकाला स्वतःला दाखवायचे असते, त्यामुळे उत्तम जागा घेऊन उभ्या राहिलेल्या खेळाडूकडे चेंडू येतच नाही आणि त्याचे ते शहाणपण कागदावर शून्यच ठरते. शिवाय विंगरने, म्हणजे कडेने चढाई करणाऱ्या खेळाडूने, एकदाही बचावपटूला अंगावर घेतले नाही, तर त्याच्याकडे वेग आणि ड्रिबलिंग (चेंडू पायाशी ठेवून चकवण्याचे कसब) आहे हे निवडकर्त्याने ओळखावे तरी कसे? दोनदा चेंडू गमावला तरी त्याने तिसऱ्यांदा जावेच. सुरक्षित पास देऊन घरी परतलेले खेळाडू कोणाच्या लक्षात राहत नाहीत.

जुना स्टॉपर: विंगरसाठी हे मान्य, परंतु मधल्या बचावपटूने हाच सल्ला ऐकला तर पहिल्या दहा मिनिटांत गोल खाण्याची वेळ येईल. मला मात्र तयारीच्या चुका अधिक खटकतात. शेवटच्या आठवड्यात घाबरून सराव दुप्पट करणारे चाचणीच्या दिवशी जड पायांनी धावतात. खरे तर त्या दिवसांत सरावाचा वेळ घटवावा आणि तीव्रता तेवढी टिकवावी. आदल्या दिवशी भात, पोळी, बटाटा असे कर्बोदकांचे पुरेसे जेवण घ्यावे, कारण स्नायूंतील ग्लायकोजेनचा, म्हणजे कर्बोदकांपासून साठवलेल्या इंधनाचा, साठा काही चाचणीपूर्वीच्या केळ्याने भरत नाही. धावण्याआधी एकेक स्नायू मिनिटभराहून अधिक काळ ताणून धरल्यास त्याची ताकद तात्पुरती कमी होते. म्हणून हलके धावणे, पाय झुलवणे आणि शेवटी दोन-तीन वेगवान धावा असा वॉर्म-अप करावा. नवे बूट तर त्या दिवशी घालूच नयेत.

बाकावरचा: आपण सगळे निवडकर्ता निःपक्षपाती असतो असे गृहीत धरून चाललेले दिसता. वयोगटाच्या मर्यादेनंतर लगेचच जन्मलेली, म्हणजे गटात वयाने मोठी असलेली मुले निवडीत मोठ्या प्रमाणात पुढे जातात, हे अनेक देशांत दिसून आले आहे. फ्रान्सचा आघाडीचा खेळाडू आंत्वान ग्रीझमन याला लहान चणीमुळे फ्रान्समधील क्लब नाकारत राहिले आणि तोच पुढे २०१८चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होता. तेव्हा साधे खेळा वा दिमाखदार, उंचीपुढे दोन्ही फिके पडते.

मधली फळी: पक्षपात असतो हे मी नाकारत नाही, पण आपलेच उदाहरण पुढे वाचावे. २००५ मध्ये पॅरिसमधील एका स्पर्धेत ग्रीझमन एका फ्रेंच क्लबसाठी चाचणी म्हणून खेळत असताना त्याला रेआल सोसिएदाद या स्पॅनिश क्लबच्या हेरकाने हेरले. ज्याच्यासाठी तो खेळत होता त्याच्या नव्हे, तर दुसऱ्याच क्लबच्या नजरेत तो भरला.

डावा विंगर: मग तो साधे पास देऊन नजरेत भरला असेल, असे आपल्याला खरोखर वाटते का?

मधली फळी: नाही, तेवढे मान्य करतो. आघाडीच्या खेळाडूने गोलसमोर धोका पत्करावा. मात्र चेंडू गमावल्यानंतर हात झटकत उभे न राहता त्याच क्षणी मागे धावावे, कारण त्या पाच-सहा पावलांवर निवडकर्त्यांचे एकमत झालेले मी अनेकदा पाहिले आहे.

डावा विंगर: मागे धावायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती पुढे न जाण्याला.