मदत हवी आहे : जर्मनमधील ‘एर्स्ट’, ‘नूर’ आणि ‘शोन’ यांचा घोळ

नमस्कार. जर्मनची बी१ परीक्षा उत्तीर्ण होऊनही एका लहानशा शब्दाने मला जेरीस आणले आहे. मी स्टुटगार्टला राहते. घरातले हीटिंग बंद पडले तेव्हा घरमालकांचा निरोप आला, ‘डेअर हान्डवेर्कर कोम्ट एर्स्ट आम डोनर्स्टाग’. ‘एर्स्ट’ म्हणजे ‘आधी’ एवढेच ठाऊक असल्यामुळे, कारागीर आधी गुरुवारी पाहणी करील आणि दुरुस्तीसाठी पुन्हा येईल, असा अर्थ मी लावला आणि ‘मग दुसऱ्या खेपेला केव्हा?’ असे त्यांना विचारले. त्यांना माझा प्रश्नच कळेना.

नंतर शब्दकोश पाहिला, तर ‘एर्स्ट’पुढेही ‘फक्त’ आणि ‘नूर’पुढेही ‘फक्त’. वर्गातल्या एका मराठी मैत्रिणीने निरोपाचा अर्थ ‘तो गुरुवारीच येणार’ असा सांगितला. परंतु ‘शोन आम डोनर्स्टाग’ याचेही मराठी मी आजवर ‘गुरुवारीच’ असेच करत आले आहे. हे तीन शब्द नेमके कसे ओळखायचे?

प्रतिसाद :

आपल्या मैत्रिणीचे भाषांतर चुकलेले नाही; घोळ आपल्या ‘च’मध्ये आहे. ‘उद्याच येतोय’ हे आपण आनंदाने म्हणतो तेव्हा ‘इतक्या लवकर’ असा भाव असतो, आणि तोंड पाडून म्हणतो तेव्हा ‘त्याआधी नाही’ असा. मराठीत हे काम आवाजावर भागते, जर्मनला त्यासाठी दोन शब्द लागतात : लवकर वाटले तर ‘शोन’, उशीर वाटला तर ‘एर्स्ट’. म्हणून वेळ सांगणाऱ्या शब्दांच्या आधी ‘एर्स्ट’ दिसला की ‘गुरुवारशिवाय येणार नाही’ असे नकारार्थी मराठी करावे. ‘नूर आम डोनर्स्टाग’ म्हटले असते, तर तो फक्त गुरुवारी येतो, इतर कोणत्याही वारी नाही, असा निराळाच अर्थ झाला असता.

संख्येच्या बाबतीत ‘एर्स्ट’साठी मराठीत ‘आत्ताशी’ किंवा ‘आत्ता कुठे’ हे नेमके शब्द आहेत, आणि शब्दकोशांनी ते सोडून ‘फक्त’ का धरावे, हे मला कधी उमगलेले नाही. ‘इश हाबे एर्स्ट त्स्वान्त्सिश जायटन गेलेझन’ म्हणजे आत्ताशी वीस पाने वाचून झाली आहेत, वाचन चालू आहे. तिथे ‘नूर’ घातला, तर वीसच पाने वाचली एवढेच कळते. पुढे वाचणार की पुस्तक मिटले, याची हमी नाही. गणपतीच्या वर्गणीचे पाचशे युरो जमले असतील आणि जमवणे चालू असेल, तर ‘एर्स्ट’. खिशात पाचच युरो उरले असतील, तर ‘नूर’. मुलाचे वय सांगताना ‘एर इस्ट एर्स्ट फ्युन्फ’ म्हणतात, कारण वय पाचावर थांबत नाही.

‘आधी’ हा आपण शिकलेला अर्थही खोटा नाही, पण त्या वेळी पुढे बहुधा ‘डान’, म्हणजे ‘मग’, येतो : ‘एर्स्ट एसन, डान श्पीलन’, आधी जेवण, मग खेळ. ‘पहिला’ म्हणायचे असेल, तर शब्दाला प्रत्यय लागतो. निरोपात ‘आम एर्स्टन डोनर्स्टाग’ असते, तर तो महिन्याचा पहिला गुरुवार ठरला असता.

मूळ प्रश्नकर्ती :

मनःपूर्वक आभार. ‘शिवाय नाही’ ही कसोटी लगेच कामी आली. काल थांब्यावर एका आजोबांनी ‘डेअर बुस कोम्ट एर्स्ट इन त्स्वान्त्सिश मिनूटन’ असे सांगितले. एरवी मी ‘फक्त वीस मिनिटे’ असे समजून निवांत उभी राहिले असते. या वेळी वीस मिनिटांशिवाय बस येत नाही हे कळले, आणि मी सरळ चालत निघाले.