मुंबई सायकलवरून: पहाटे निघा

'मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये सायकल कशी चालवायची?' असं कुणी विचारलं तर माझं उत्तर एकच: रविवारी पहाटे पाचला निघा, रस्ता तुमचाच. मी दादरहून लालबागच्या पुलाखालून (वरून नको, खालची चाळींची वस्ती दिसते) भायखळा, क्रॉफर्ड मार्केट करत ससून डॉक गाठते. १८७५ सालचा हा मासळीचा धक्का त्या वेळी गजबजलेला असतो: ओल्या फरशीवर बर्फाचा चुरा, टोपल्या, फतकल मारून कोळंबी सोलणाऱ्या बायका. तिथे सायकल हातात धरूनच चाला. परतताना मरीन ड्राइव्ह. पुढे वांद्र्याला जायचं असेल तर वांद्रे-वरळी सी-लिंकवर सायकलला बंदी आहे, माहीमवरूनच जा. आणि गटाराच्या जाळ्या तिरक्या ओलांडा, बारीक चाक हमखास अडकतं. माझं अडकलंय, कोपर फुटलं होतं.