सहकुटुंब सेवाकार्य : लीजन ऑफ मेरी की सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी?

वसईची आई

नमस्कार. आम्ही वसई धर्मप्रांतातील एका धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) राहतो. घरात मी, माझे पती, आठवीत शिकणारी मुलगी, चौथीतला मुलगा आणि सासूबाई असे पाच जण आहोत. पतींची नोकरी चर्चगेटला असल्यामुळे विरार लोकलने घरी पोहोचेपर्यंत त्यांना रात्रीचे नऊ वाजतात. त्यामुळे चौघांनी मिळून काही करायचे म्हटले, तर शनिवारची संध्याकाळ आणि रविवार एवढाच वेळ हाती उरतो. आतापर्यंत आमची सेवा म्हणजे प्रायश्चित्तकाळात आणि नाताळात चर्चमध्ये पाकीट देणे एवढीच होती. आता मात्र सहकुटुंब एखाद्या प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या श्रद्धावंतांच्या, संघटनेत जावे, असे आम्हा दोघांनाही मनापासून वाटते.

आमच्या चर्चमध्ये प्रार्थना आणि घरभेटी करणारी लीजन ऑफ मेरी आहे आणि गरजूंना मदत करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे कॉन्फरन्स, म्हणजे स्थानिक शाखाही आहे. मुलांना या संघटनांत घेतात का? गुडघ्यांच्या दुखण्यामुळे घराबाहेर पडू न शकणाऱ्या सासूबाईंना काही करता येईल का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गरजू कुटुंबांच्या घरी जाताना मुलांना सोबत न्यावे का? दारिद्र्य म्हणजे काय हे त्यांनी प्रत्यक्ष पाहावे, आपल्याला मिळालेल्या गोष्टींची त्यांना जाणीव व्हावी, असा माझा हेतू आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रेसिडियमची सचिव

ताई, सासूबाईंच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण त्याचे उत्तर सर्वांत सोपे आहे. लीजनमध्ये सक्रिय आणि साहाय्यक असे दोन प्रकारचे सभासद असतात. साहाय्यक सभासदाने रोज जपमाळेची पाच रहस्ये आणि लीजनच्या ठरलेल्या प्रार्थना म्हणायच्या असतात. सभेला येण्याचे बंधन त्यांच्यावर नसते. आमच्या प्रेसिडियमच्या, म्हणजे लीजनच्या स्थानिक शाखेच्या, कितीतरी आज्या अंथरुणाला खिळूनही हे काम निष्ठेने करतात, आणि कठीण घरभेटीला निघण्यापूर्वी आम्ही त्यांना मुद्दाम कळवून जातो.

मुलांविषयी नियम स्पष्ट आहे. अठरा वर्षांखालील मुलांना फक्त कनिष्ठ प्रेसिडियममध्येच प्रवेश मिळतो. त्याचे अध्यक्षपद प्रौढ सभासदाकडे असते आणि मुलांकडून लीजनचे वचन घेतले जात नाही. तुमच्या चर्चमध्ये कनिष्ठ प्रेसिडियम नसेल, तर प्रमुख धर्मगुरूंशी बोलून ते सुरू करता येते. म्हणजेच आईवडील एका सभेत आणि मुले दुसऱ्या सभेत, अशी तुमची विभागणी होईल. एकाच टेबलाभोवती चौघांनी बसावे अशी तुमची कल्पना असेल, तर ती येथे पूर्ण होणार नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

दुसरी गोष्ट साप्ताहिक सभेची. डब्लिनमध्ये ७ सप्टेंबर १९२१ रोजी फ्रँक डफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांची पहिली सभा भरली, तेव्हापासून सभेची मांडणी आजतागायत बहुतांशी तशीच चालत आली आहे. टेबलावर पांढरे वस्त्र, त्यावर मरियामातेची मूर्ती, दोन फुलदाण्या, दोन मेणबत्त्या आणि लीजनचे ध्वजचिन्ह असते. आधी जपमाळ होते, मग आध्यात्मिक वाचन, आणि त्यानंतर प्रत्येकाने नेमून दिलेल्या कामाचा अहवाल द्यायचा. सभा दीड तासात संपते, परंतु ती दर आठवड्याला असते आणि सभेव्यतिरिक्त साधारण दोन तासांचे प्रत्यक्ष कामही अपेक्षित असते. तुमच्या पतींच्या वेळापत्रकात हे बसेल का, याचा विचार दोघांनी मिळून करावा.

आणखी एक. लीजन कोणालाही पैसे, धान्य किंवा कपडे देत नाही. नियमानेच त्याला मनाई आहे. दार उघडणाऱ्याने आपल्याकडे मदतीच्या आशेने पाहू नये, मोकळेपणाने बोलावे, हा त्यामागचा विचार. ज्या घरी अन्नाची चणचण दिसते, त्या घराविषयी आम्ही व्हिन्सेंट डी पॉलच्या बंधूंना कळवतो.

निवृत्त धर्मशिक्षक

कॅथोलिक चर्चच्या द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावरील आदेश प्रसिद्ध केला. त्याच्या अकराव्या परिच्छेदात कुटुंबाने करावयाच्या कार्यांची यादी आहे. टाकून दिलेल्या बालकांना आपलेसे करणे, परक्यांचे आदरातिथ्य करणे, विवाहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना साहाय्य करणे, अडचणीत सापडलेल्या जोडप्यांना आधार देणे, वृद्धांची काळजी घेणे, अशी ती कार्ये आहेत. लक्षात घ्या, यांतील बहुतेक कामे आपल्या घराचे दार उघडून करावयाची आहेत. तेव्हा संघटनेत जरूर जा, पण आळीतल्या एकट्या राहणाऱ्या आजोबांना रविवारी जेवायला बोलावणे हेही परिषदेच्या दृष्टीने प्रेषितकार्यच आहे, आणि त्यासाठी कोणत्याही वयाची अट नाही.

कॉन्फरन्सचा जुना सभासद

सचिव ताईंनी लीजनविषयी नेमके लिहिले आहे. मी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीविषयी लिहितो, आणि आपल्या तिसऱ्या प्रश्नावर थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते सगळा प्रश्न तेथेच येऊन थांबतो.

आमच्या संघटनेचा आरंभ १८३३ साली पॅरिसमध्ये झाला. वीस वर्षांचा फ्रेडरिक ओझानाम आणि त्याचे काही विद्यार्थीमित्र एकत्र आले, इमॅन्युएल बायी या वडीलधाऱ्या गृहस्थांनी त्यांना आधार दिला, आणि मुफ्तार भागातील दरिद्री वस्तीत सेवा करणाऱ्या सिस्टर रोझली रेंद्यू यांनी त्यांना घरभेट कशी घ्यावी हे शिकवले. ओझानाम पुढे प्राध्यापक झाले. १८४१ साली त्यांनी विवाह केला, त्यांना एक मुलगी झाली, आणि १८५३ साली चाळिसाव्या वर्षी मृत्यू येईपर्यंत संसार सांभाळूनच त्यांनी हे कार्य केले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९७ साली पॅरिसमध्येच त्यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले. संसारी माणसाला हे कार्य झेपेल का, ही शंका असणाऱ्यांना मी नेहमी त्यांचे उदाहरण देतो.

आता घरभेटीविषयी. आम्ही नेहमी दोघे मिळून जातो आणि त्या घरात पाहिलेले-ऐकलेले कॉन्फरन्सच्या बाहेर जाऊ देत नाही. ताई, आपला हेतू चांगला आहे याविषयी माझ्या मनात शंका नाही. तरीही एक गोष्ट विचारात घ्यावी. आपल्या मुलांना दारिद्र्य दिसावे म्हणून आपण एखाद्याच्या घरी जातो, तेव्हा ते घर आपल्या मुलांच्या संस्काराचे साधन होऊन बसते. त्या घरातल्या आईला मात्र आपले रिकामे डबे कोणाच्या शिकवणीसाठी उघडे पडावेत असे कधीही वाटणार नाही. भेट तिच्यासाठी असते. आपल्या मुलांना तीतून काही मिळालेच, तर ते आपोआप मिळते.

गावाच्या धर्मग्रामात हा प्रश्न अधिकच नाजूक असतो. रेशनची पिशवी घेऊन दारात उभे राहावे आणि आतून आपल्याच मुलाच्या वर्गातला मुलगा बाहेर यावा, ही शक्यता आपल्याकडे फार मोठी आहे. तो मुलगा सोमवारी शाळेत कोणत्या तोंडाने बसेल, याचा विचार आधी करायला हवा. आमच्या कॉन्फरन्समध्ये घरे वाटून देताना अध्यक्ष हे मुद्दाम विचारतात, आणि ज्या सभासदाची मुले त्या घरच्या मुलांसोबत शिकतात, त्याला ते घर देत नाहीत.

म्हणून माझे मत असे की, नव्या कुटुंबांच्या पहिल्या भेटींना मुलांना अजिबात नेऊ नये. ज्या घराशी आपला अनेक महिन्यांचा घरोबा झाला आहे, जेथील आजीच विचारते की पोरांना का नाही आणले, तेथे त्यांना खुशाल न्यावे. तेथेही धर्मग्रामाचे बालसुरक्षेविषयीचे नियम पाळावेत, आणि मुले सतत आईवडिलांच्या सोबतच असावीत.

वसईची आई

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. वर्गमित्राचा मुद्दा मला सुचलाच नव्हता. मुलगी आणि मुलगा सरकारी अनुदानाच्या ज्या शाळेत शिकतात, तेथे आमच्या धर्मग्रामातील सगळ्या थरांतली मुले आहेत, त्यामुळे तो आम्हाला तंतोतंत लागू पडतो. सासूबाईंना साहाय्यक सभासदत्वाविषयी सांगितले. त्यांनी लगेच होकार दिला. पण मग घरभेटीशिवाय मुलांना खरोखर उपयोगी पडेल असे काम कोणते? केवळ त्यांचे मन राखण्यापुरते काम त्यांना देऊ नये, एवढीच इच्छा आहे.

लीजनच्या घरातली लेक

माझे आईवडील दोघेही लीजनचे सक्रिय सभासद होते, तेव्हा मुलांच्या बाजूने थोडे लिहिते. आम्हा बहिणींना सभेच्या टेबलासाठी फुले आणायचे काम होते, आणि ते आम्हाला फार आवडायचे, कारण आम्ही विसरलो तर फुलदाण्या खरोखरच रिकाम्या राहायच्या. मुलाला काम दिले की त्याची जबाबदारीही पूर्णपणे त्याच्यावर सोडावी. मागून जाऊन आपण ते उरकून टाकू नये.

दुसरे म्हणजे, कन्या नववी-दहावीत गेल्यावर तिने कदाचित थांबायचे म्हटले, तर तिला थांबू द्यावे. मी स्वतः काही वर्षे दूर राहिले. घरात कोणी टोमणा मारला नाही, कोणी माझ्या श्रद्धेवर बोट ठेवले नाही. कॉलेज संपल्यावर मी आपण होऊन परतले आणि आज माणिकपूरकडे आजारी माणसांच्या भेटी घेते. सक्ती झाली असती, तर मी परतले असते असे मला वाटत नाही.

कॉन्फरन्सचा जुना सभासद

ताई, आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर. आमच्याकडे महिन्याच्या एका शनिवारी तांदूळ, डाळ, तेल आणि साखर मोजून पिशव्या भरल्या जातात. त्या दिवशी सभासदांची मुले येतात. चौथीतला मुलगा वजनकाट्यावर तांदूळ मोजू शकतो, आठवीतली मुलगी साठ्याची वही लिहू शकते. पिशव्यांवर क्रमांक असतात, नावे नसतात, त्यामुळे कोणती पिशवी कोणाच्या घरी जाते हे मुलांना कळत नाही. वही चुकली तर एखाद्या घरी तेल पोहोचत नाही, म्हणजे हे काम मन राखण्यापुरते नक्कीच नाही.

आमच्या सभेच्या शेवटी एक बंद पिशवी सर्वांच्या हातून फिरते. जो तो मूठ आत घालतो, कोणी किती टाकले हे दुसऱ्याला दिसत नाही, आणि ज्याच्याजवळ काहीच नसेल त्याचाही हात तितक्याच सन्मानाने आत जातो. मुलांनाही आपल्या खाऊच्या पैशांतून तेथे काही टाकता येईल.

प्रथम आपण आणि आपले पती दोघांनीच दोन-तीन सभांना पाहुणे म्हणून येऊन बसावे. आमची सभा रविवारी सकाळच्या मिस्सेनंतर असते, बहुतेक ठिकाणी तशीच असते, त्यामुळे लोकलच्या वेळेचा प्रश्न येणार नाही. त्यानंतर शनिवारी मुलांना घेऊन या, आणि घरभेटीचे आपण पुढच्या वर्षी पाहू.