दप्तराविना दहा दिवस : कानस आधी की थ्रीडी प्रिंटर?

गुण्या (धागाकर्ता)
२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितलेत. सातपूर-अंबड या औद्योगिक वसाहती उंबऱ्यावर असताना नाशिकच्या मुलांनी ते कारखानदारीला द्यावेत, इथपर्यंत वाद नसावा. वाद सुरुवातीचा आहे. माझं मत: पहिले सहा दिवस कानस, हॅक्सॉ आणि ड्रिल, प्रिंटर कपाटात.

जॉब साधा. ४० × ५ मिमीची एमएस (साध्या पोलादाची) पट्टी, ६० मिमीचा तुकडा, दोन कडा गुण्याला (काटकोन तपासायच्या साधनाला) लावून काटकोनात, मधोमध एम८ चे, म्हणजे ८ मिमीच्या बोल्टचे आटे. ड्रिल ६.८ मिमीचं. ७ चं घेतलं तर आटे उथळ येतात, ६.५ चं घेतलं तर टॅप (आटे पाडायचं हत्यार) अडकून तुटतो. ८ मधून दोन आट्यांमधलं अंतर १.२५ वजा केलं की ६.७५, म्हणजे साधारण ६.८, एवढाच हिशोब. टॅप एक फेरा पुढे, अर्धा मागे, तेल घालून.

आराखडा
साफ असहमत. तेरा वर्षांच्या हाताला कड काटकोनात आणायला तीन दिवस लागतील, तरी कानस डुलल्यामुळे ती मध्ये फुगीर राहीलच. मग बाकीचं कधी? प्रिंटरवर मूल स्वतः आकार काढतं, छापतं, मोडून बघतं, बदलतं. हुक उभा छापला की थरांच्या सांध्यात तुटतो, आडवा छापला की टिकतो. पदार्थ कोणत्या दिशेने मजबूत असतो, हे याहून स्वस्तात कसं शिकवणार?

गुण्या
@आराखडा, शिकवण चांगली आहे, वेळेचं गणित सांगा. ०.२ मिमीचा थर आणि २५ मिमी उंचीचा हुक म्हणजे १२५ थर. नगामागे तास धरला तर चाळीस मुलांना चाळीस तास. यंत्र एक. मुलं काय, नॉझल बघत बसणार?

बॉटलनेक
दोघंही एकेकच वस्तू बनवताय. ही कारागिरी झाली. पन्नासावा नग पहिल्यासारखा निघाला की त्याला उत्पादन म्हणायचं, आणि त्याचा तुमच्या दोन्ही योजनांत पत्ता नाही.

एल ब्रॅकेट घ्या. २५ × २ मिमीची पट्टी, बाहेरून ३०-३०, प्रत्येक पायात ५ मिमीचं एक भोक. पट्टी किती कापायची? मुलं ६० म्हणतील. आतली त्रिज्या २ मिमी असेल तर साधारण ५६.४ लागते, कारण वाकताना बाहेरची बाजू ताणते, आतली दबते. त्रिज्या ज्या ठोकळ्यावर ठोकता त्यावर ठरते, म्हणून पहिले तीन नग वाकवून मोजायचे आणि मगच बाकीचे कापायचे. भोकं वाकवण्याआधी, पण वाकापासून लांब; जवळ घेतली तर लंबगोल होतात.

पहिले दहा नग खुणा करून, सेंटर पंच मारून. पुढचे दहा जिगमध्ये, म्हणजे पट्टी बसवून ड्रिलला ठरल्या जागी नेणाऱ्या साच्यात. दोन्ही ढीग एकाच बोल्टवर चढवून बघा, फरक सांगावा लागत नाही. जिगमध्ये पट्टी टेकते तिथे बर (कापल्यावर कडेला उरणारी धातूची खरबरीत किनार) राहिली तर सगळीच भोकं सरकतात, म्हणून बर काढणं ड्रिलच्या आधी. तपासणीला वर्निअर नको: ५.० आणि ५.२ च्या ड्रिलचे मागचे दांडे हेच गेज. पहिला गेला पाहिजे, दुसरा अडला पाहिजे. दुसराही गेला तर ड्रिल काढून बघा, धार लावताना त्याच्या दोन कडा असमान झाल्या असतील.

आता ओळ लावा. ड्रिलिंगला नगामागे तीन मिनिटं, बाकी सगळ्यांना एकेक. ड्रिलसमोर ढीग साचेल आणि तासाला वीसच नग निघतील, कापणाऱ्याने कितीही घाई केली तरी. दुसरं ड्रिल ठेवलं की चाळीस.

तांबटलेन
एमएसच का धरून बसलात? तांब्याचा पत्रा ठोका. ठोकून कडक होतो, आणखी ठोकला तर फाटतो, लाल करून पाण्यात बुडवला की पुन्हा मऊ. नाशिकच्या भांड्यांचं अर्धं शास्त्र यात आहे.

आधी चष्मा
तांबटलेन, भट्टीजवळ मोठा माणूस हवाच. ड्रिलजवळ हातमोजे बंद, पाती धागा ओढते आणि बोटही. पट्टी हातात धरायची नाही. पाती खालून बाहेर पडताना पकडते आणि पट्टी गरकन फिरते. शिवाय कायद्याप्रमाणे १४ वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात कामाला लावता येत नाही. तेव्हा सातपूरला फक्त बघायला, यंत्र शाळेतच.

आराखडा
बॉटलनेकचा मुद्दा मान्य, मग जिगच प्रिंटरवर छापू. प्रिंटरलाही काम मिळेल.

बॉटलनेक
ड्रिलचं जिग नको. पीएलए, म्हणजे छपाईचं प्लास्टिक, ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, तापलेली पाती आठ-दहा नगांत भोक ढिलं करेल. छापायचंच तर भोकात कडक पोलादी बुश (छोटी नळी) दाबून बसवा. किंवा वाक तपासायचा साचा छापा. त्याला उष्णता लागत नाही आणि एका छपाईत भागतं.

गुण्या
बुश चालेल. पण दोन दिवस कानस माझ्यासाठी राहू द्या. ज्याने बर हाताने काढली नाही, तो जिगमध्ये पट्टी नीट टेकवणार नाही. आणि सातपूरची भेट सातव्या दिवशीच ठेवा. पहिल्या दिवशी नेलं तर मुलं फक्त रोबोटचे फोटो काढतील, कुठल्या मशीनसमोर ढीग साचलाय ते कुणी बघणार नाही.

आराखडा
दोन दिवस. तिसरा मागू नका.