'सेन्ट्री मोड म्हणजे नुसता देखावा' : साफ असहमत

फ्रीमाँटचा_सांगलीकर

शनिवारी या फोरमवर मिलपिटासकर यांनी लिहिलं की सॅन फ्रान्सिस्कोत अलामो स्क्वेअरजवळ त्यांच्या टेस्लाची मागची तिकोनी काच फोडून लॅपटॉपची बॅग नेली, आणि गाडीचे कॅमेरे ज्यावर रेकॉर्ड करतात त्या पेनड्राइव्हवर त्या वेळची एकही क्लिप सापडली नाही. त्यावरून त्यांनी ठरवून टाकलं की सेन्ट्री मोड (उभ्या गाडीवर तिच्याच कॅमेऱ्यांनी पहारा ठेवण्याची सोय) म्हणजे नुसता देखावा, सगळ्यांनी तो बंद करून वेगळा डॅशकॅम, म्हणजे गाडीत बाहेरून आणून लावायचा कॅमेरा, बसवावा. खाली लोकांनी 'अगदी बरोबर'चा पाऊस पाडला.

बॅग गेली याचं मनापासून वाईट वाटतं. पण तो सल्ला वाचून लोक चालू असलेली सोय बंद करतील, म्हणून सविस्तर लिहितोय.

गेल्या चार वर्षांत ओळखीतल्या दहा-बारा गाड्यांत मी स्वतः बसून 'रेकॉर्डिंग होत नाही' ही तक्रार सोडवली आहे. एक अपवाद सोडला तर घोडं दर वेळी ड्राइव्हपाशी नाहीतर सेटिंगपाशी अडलेलं होतं. कोणी ड्राइव्ह एनटीएफएसमध्ये (विंडोजची फाइली मांडायची पद्धत) फॉरमॅट करून आणतं, जे गाडीला वाचताच येत नाही, एक्सफॅटसारखी दुसरी पद्धत लागते. गाडीतच 'सेफ्टी'मध्ये जाऊन फॉरमॅट केलं की 'टेस्लाकॅम' हे फोल्डरही आपोआप तयार होतं. कोणी ड्राइव्ह पुढच्या चार्जिंगच्या पोर्टात खोचतं. नव्या गाड्यांत डेटासाठी ग्लोव्हबॉक्समधलाच (पुढच्या सीटसमोरच्या कप्प्यातला) पोर्ट चालतो. आणि निम्म्या लोकांनी सेन्ट्रीतून 'घर' आणि 'ऑफिस' वगळलेलं असतं, तेही स्वतःच्याच हातानं, पहिल्या आठवड्यात, आणि नंतर ते विसरून जातात.

पण खरा खलनायक म्हणजे स्वस्तातला पेनड्राइव्ह. किमान ६४ जीबी आणि सेकंदाला ४ एमबी सलग लिहिण्याचा वेग, एवढीच कंपनीची अट आहे. 'सलग' हा शब्द महत्त्वाचा. कमीत कमी चार कॅमेरे एकाच वेळी मिनिटामिनिटाच्या फाइली लिहीत असतात, जुन्या पुसून नव्या, दिवसरात्र. लग्नाचे फोटो न्यायला केलेली वस्तू हे किती दिवस सोसणार? वर बंद गाडीतला उन्हाळा. जास्त लिखाण सोसणारं, पाळत-कॅमेऱ्यांसाठीचं मेमरी कार्ड रीडरमध्ये घालून लावा, किंवा छोटी एसएसडी (चिपवर चालणारी डिस्क). माझं कार्ड तीन वर्षं चाललंय.

महिन्यातून एकदा, भाडं भरायच्या दिवशी, शेवटची क्लिप उघडून बघा. दोन मिनिटांचं काम आहे. ते न करता 'देखावा' म्हणणं अन्यायाचं आहे.

मिलपिटासकर

ज्याची काच फुटली त्याला ज्याची फुटली नाही तो शिकवतोय. ठीक आहे.

ड्राइव्ह गाडीतच फॉरमॅट केला होता. ग्लोव्हबॉक्समध्येच होता. सेन्ट्री चालू होतं, स्क्रीनवर तो लाल गोल मी स्वतः पाहून उतरलो. आणखी काय करायचं होतं?

मुद्दा एवढाच आहे. घरातल्या धुराच्या अलार्मची बॅटरी संपत आली की तो रात्री दोनला ओरडून उठवतो. सुरक्षेची वस्तू अशी असते. इथे लिहिणं बिघडलं तर ते कळायला मालकानं स्क्रीनसमोर असायला हवं. गाडी रस्त्यावर, मी चार ब्लॉक लांब, फोनवर एक अक्षर नाही. गुपचूप बंद पडणारी राखण ही राखण नव्हे. तुमचं दर महिन्याचं दोन मिनिटांचं काम म्हणजे वॉचमन जागा आहे का हे बघायला मालकानं दुसरा वॉचमन व्हायचं.

चार्जिंगवाली

दोघांचंही राहू दे, बॅटरीबद्दल कोणीच का बोलत नाही? मागच्या डिसेंबरात तीन आठवडे पुण्याला गेले, गाडी विमानतळाजवळच्या पार्किंगला, सेन्ट्री चालू. सेन्ट्री तासाला साधारण मैलभर रेंज (चार्जवर जाता येणारं अंतर) खातं. तीन आठवड्यांचे तास मोजा, पाचशेच्या वर होतात. एवढी रेंज गाडीला आहे कुठे? बॅटरी २० टक्क्यांखाली गेली की सेन्ट्री आपसूक बंद होतं, म्हणजे शेवटचे दिवस गाडी तशीच उघड्यावर उभी होती. परत आल्यावर दारावर लांब ओरखडा. क्लिप नाही. हिशेब आधी केला नाही ही चूक माझी, मान्य. पण 'चोवीस तास पहारा' ही समजूत घेऊन कोणी गाडी लावून जाऊ नका.

ॲमस्टरडॅमहून

तुम्ही सगळे क्लिप का मिळाली नाही यावर भांडताय. ज्यांची क्लिप निघते त्या रस्त्यावरच्या माणसांचं काय, हा प्रश्न कोणाला पडत नाही?

आमच्याकडे नेदरलँड्सच्या डेटा संरक्षण प्राधिकरणानं याच सेन्ट्री मोडची चौकशी केली. आधी गाडीजवळून जाणाऱ्या प्रत्येकाचं चित्रण होत होतं. चौकशीच्या काळात कंपनीनं बदल केले: गाडीला हात लागल्यावरच रेकॉर्डिंग सुरू होणार, तेही मालकानं तसं निवडलं तर, आणि दिवे लुकलुकून लोकांना सूचना मिळणार. २०२३च्या फेब्रुवारीत चौकशी दंडाशिवाय संपली. पण प्राधिकरणानं एक गोष्ट ठामपणे सांगितली, की त्या चित्रणाची कायदेशीर जबाबदारी गाडीच्या मालकावर येते. सांगलीकर, तुमच्या त्या तीन वर्षं चाललेल्या कार्डावर किती अनोळखी माणसं आहेत?

सनीव्हेलचा_बंड्या

सार्वजनिक रस्त्यावर कसली आली प्रायव्हसी? दर दुकानावर कॅमेरा आहे, दर घराच्या बेलमध्ये कॅमेरा आहे. माझ्या गाडीवरच डोळा का? आवाज रेकॉर्ड होत नाही, क्लिप माझ्या ड्राइव्हवर राहते. ज्याला लपवायचं नाही त्याला भीती कशाला?

ॲमस्टरडॅमहून

'लपवायचं नाही त्याला भीती नाही' हे वाक्य मी फक्त कॅमेऱ्याच्या मागे उभ्या असलेल्यांच्याच तोंडून ऐकलंय.

एप्रिल २०२३ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेनं छापलं की २०१९ ते २०२२ या काळात कंपनीतले काही कर्मचारी ग्राहकांच्या गाड्यांच्या कॅमेऱ्यांतली दृश्यं आपापसांत फिरवत होते. घरातली, खाजगी. आता सांगा भीती कशाला.

फ्रीमाँटचा_सांगलीकर

दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होतेय. सेन्ट्रीची क्लिप ड्राइव्हवर जाते. कंपनीला डेटा द्यायचा की नाही, ती परवानगी वेगळ्या पानावर असते आणि मी ती पहिल्या दिवशीच बंद केली. त्या बातमीचा मलाही संताप आला होता. पण त्यासाठी सेन्ट्री बंद करणं म्हणजे पोस्टमननं पत्र फोडलं म्हणून घरातली वही जाळणं.

विलेपार्ल्याचा_वकील

मुंबईतून लिहितो, कारण २०२५च्या जुलैपासून बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) या गाड्यांची विक्री सुरू झाली आहे आणि हे प्रश्न आमच्या सोसायट्यांत आधीच येऊन ठेपलेत.

आपल्याकडे २०२३चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा एखाद्या व्यक्तीनं खाजगी किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला लागू होत नाही. त्यामुळे नेदरलँड्ससारखी सरळ जबाबदारी इथल्या मालकावर त्या कायद्यानं येत नाही. बंड्या यांनी लगेच टाळ्या वाजवू नयेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या पुट्टस्वामी निकालानं खाजगीपणा मूलभूत हक्क ठरवला आहे, आणि शेजाऱ्याच्या खिडकीत रोखलेला कॅमेरा हा वाद दिवाणी न्यायालयापर्यंत नेता येतो.

आणि पुराव्याचं. क्लिप मिळाली की लोक ती कापून, वर बाण काढून व्हॉट्सॲपवर फिरवतात. तसं करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलवरून गणितानं काढलेली खूण, फाइल जराशी बदलली तरी ती बदलते) लिहावी लागते. फाइल जशी निघाली तशीच एका वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा आणि मूळ ड्राइव्हला हात लावू नका.

तळमजल्यावरची

वकीलसाहेब, 'शेजाऱ्याची खिडकी' हे शब्द तुम्ही सहज लिहिलेत. ती खिडकी माझी आहे.

पुण्यात तळमजल्यावर राहते. आमच्या स्वयंपाकघराची आणि मागच्या खोलीची खिडकी पार्किंगकडे उघडते. वर्षभरापूर्वी समोरच्या जागेत एक इलेक्ट्रिक गाडी आली. कोणत्या कंपनीची ते महत्त्वाचं नाही. आई रात्री उठते, तिला झोप नाही, खिडकीपाशी बसून जप करते. आमचं मांजर त्या गाडीवर चढलं की दिवे लुकलुकतात आणि स्क्रीन उजळते. आई दचकते. पहिले चार दिवस तिला वाटलं गाडीत कोणी बसलंय.

गाडीच्या मालकांशी बोलले. माणूस वाईट नाही. त्यांनी फोन काढून क्लिप दाखवली, 'बघा, तुमचं मांजर कसं ओरखडे काढतंय.' त्या क्लिपमध्ये मांजराच्या मागे माझी आई होती, गाऊनवर, केस मोकळे सोडलेली. त्यांना ती दिसलीच नाही. मला फक्त तीच दिसली.

कमिटीत विषय नेला तर अध्यक्ष म्हणाले पडदा लावा. आता पडदा असतो. उन्हाळ्यातही.

सनीव्हेलचा_बंड्या

ताई, पण ओरखड्यांचा खर्च त्या माणसानं का सोसायचा? पडदा शंभर रुपयांचा आहे, रंगकाम पंधरा हजारांचं.

तळमजल्यावरची

ओरखड्याचे पैसे मी त्याच आठवड्यात दिले. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं. आईच्या खिडकीतल्या वाऱ्याचा दर मात्र तुम्ही कळवा.

चार्जिंगवाली

बंड्या, तुम्ही हे लिहायला नको होतं.

सनीव्हेलचा_बंड्या

माझं म्हणणं तत्त्वाचं होतं, वैयक्तिक नव्हतं. तरी ताईंना लागलं असेल तर शब्द मागे घेतो. तत्त्व मागे घेत नाही. माझ्या बायकोची गाडी ऑफिसच्या पार्किंगमध्ये कोणीतरी ठोकून पळालं होतं, आणि सेन्ट्रीच्या क्लिपवरूनच विम्याचं काम मार्गी लागलं. ती क्लिप नसती तर भुर्दंड आम्हालाच होता. कॅमेऱ्यानं आम्हाला वाचवलंय, म्हणून त्याची बाजू घेतो.

फ्रीमाँटचा_सांगलीकर

तळमजल्यावरच्या ताईंचं वाचून काल रात्री उठून खाली गेलो आणि माझ्या गाडीसमोर काय येतं ते पाहिलं. समोर एका म्हाताऱ्या जोडप्याचं अंगण आहे. तीन वर्षं मी क्लिपा तपासतोय आणि ते अंगण मी कधी पाहिलंच नव्हतं. आमचं आवार कुंपणाचं आहे, चोरी नाही. 'घर' वगळून टाकलं. वर ज्या सेटिंगला मी विसराळूपणा म्हणालो तेच आता मुद्दाम लावलंय. मूळ मुद्द्यावर मात्र ठाम आहे. बाहेर, अनोळखी रस्त्यावर, सेन्ट्री हवंच.

मिलपिटासकर, एक विनंती. तुमचा ड्राइव्ह खरा आहे का ते तपासा. बाहेर २५६ लिहिलेलं आणि आत चिप छोटी, असे बनावट ड्राइव्ह बाजारात पुष्कळ आहेत. गाडी त्याला विचारते जागा किती, तो खोटं सांगतो, लाल गोल दिसत राहतो, आणि खरी जागा संपली की नवं लिखाण कुठेच टिकत नाही. 'एच२टेस्टडब्ल्यू' नावाचा फुकट प्रोग्राम सगळा ड्राइव्ह भरून परत वाचून बघतो.

विलेपार्ल्याचा_वकील

थांबा! आधी संपूर्ण प्रत काढा. ही चाचणी ड्राइव्हवर लिहिते, ड्राइव्ह बनावट असेल तर असलेलंही जाऊ शकतं.

मिलपिटासकर

प्रत पोलिसांच्या ऑनलाइन तक्रारीच्या वेळीच काढली होती, तेवढी अक्कल आहे.

चाचणी केली. रात्रभर चालली. लिहिलंय २५६ जीबी, खरी निघाली ३० च्या आत. ऑनलाइन, सवलतीत, दोनचा जोड घेतला होता. दुसराही तसाच. तर सांगलीकर, ड्राइव्हबद्दल तुम्ही बरोबर होता. लिहायला जड जातंय, पण लिहितो.

माझा मुद्दा मात्र तसाच उभा आहे, किंबहुना जास्त. हजारो डॉलरच्या गाडीला बारा डॉलरचा ड्राइव्ह महिनोन्महिने खोटं बोलत राहिला आणि तिला संशय आला नाही. लिहिलेलं एकदा परत वाचून बघणं कॉम्प्युटरला अवघड नाही.

फ्रीमाँटचा_सांगलीकर

हे मान्य. लिहून झाल्यावर परत वाचून खात्री करायला हवी आणि चुकलं तर फोनवर कळवायला हवं. यावर माझ्याकडे उत्तर नाही. 'देखावा' हा शब्द तेवढा मागे घ्या.

मिलपिटासकर

नाही घेणार. 'अर्धवट' म्हणतो.

आणि एक. प्रत पुन्हा चाळली. बहुतेक फाइली उघडतच नाहीत, पण डाव्या बाजूच्या कॅमेऱ्याची एक चालली, त्याच संध्याकाळची, सात वाजून चौदा मिनिटांची. एक पांढरी सेडान शेजारी येऊन थांबते, मागचं दार उघडतं, टोपीवाला पोरगा उतरतो आणि तिथेच फाइल तुटते. गाडीची नंबर प्लेट फ्रेममध्ये आहे. अंधारात नुसता पांढरा चौकोन दिसतो. पहिला आकडा सात आहे असं मला वाटतं, बायको म्हणते एक आहे.

विलेपार्ल्याचा_वकील

फाइलचं नाव बदलू नका. तशीच द्या.